सोवळे

दिवाळीच्या पहाटे उटण्याचा वास घरात दरवळू लागला, की मला माझी आजी आठवते. आणि आजीमागोमाग तिचे सोवळे आठवते. यवतमाळच्या आमच्या जुन्या घरात ते उंच वळणीवर, काठीनेच काढता येईल असे, वाळत असे. चुकून शिवलेले पोर दिवसभर बोलणी खाई. देव पवित्र, म्हणून त्याच्यापुढे पवित्र होऊनच जावे, असे तिचे साधे शास्त्र होते. आणि पवित्र राहायचे तर कोणाला शिवायचे नाही, ही त्या शास्त्राची दुसरी बाजू.

भिंतीपलीकडे एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. यवतमाळला त्यांचे नवल नव्हते. १९५३ साली इथे युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली, आणि १९८३ साली ती पुण्याला जाईपर्यंत दूरदूरचे विद्यार्थी धर्मशास्त्र शिकायला या कापसाच्या गावी येत. शेजारचा मुलगा माझ्याच वर्गातला. दिवाळीला आमचे फराळाचे ताट त्यांच्याकडे जाई, नाताळला त्यांचे आमच्याकडे येई. त्याच करंज्या, तेच अनारसे, तसाच चिवडा. आजी हसतमुखाने ताट घेई, आणि परसात जाऊन सारा फराळ गाईपुढे ठेवी.

एका नाताळी ताटावर झाकलेला रुमाल न्यायला माझा मित्र मागच्या दाराने आला. त्याने ते पाहिले. त्याने पाहिलेले मी पाहिले. रुमाल न घेताच तो परत गेला. त्यावर आम्ही दोघेही कधी काही बोललो नाही.

पुढे आजी अंथरुणाला खिळली. पाठीला जखमा झाल्या. जवळ जायचे तर घरच्यांनाही नाकाला पदर लावावा लागे. मित्राची आई नर्स होती. कोणी न बोलावता त्या काकू आल्या आणि दोन महिने रोज येत राहिल्या. पहिल्या दिवशी आजी म्हणाली, "शिवू नकोस ग मला." काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि आईला पाणी तापवायला सांगितले. एके दिवशी जखमा धुऊन झाल्यावर आजीनेच विचारले, "माझ्या घाणीनं तुझं सोवळं मोडत नाही का ग?"

काकू हसल्या. "आजी, यासाठीच तर त्यानं धाडलंय."

त्या 'धाडलंय'चा अर्थ मला कळला तो मागच्या वर्षी. काकू गेल्या, त्यानंतरच्या रविवारी मी मित्राबरोबर उपासनेला गेलो. चपला बाहेर काढून आम्ही सतरंजीवर बसलो. 'उपासना संगीता'तले रेव्हरंड ना. वा. टिळकांचे एक पद पेटी-तबल्यावर झाले. मग पाळकांनी यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा सहावा अध्याय वाचला.

यशयाला मंदिरात देवाचे दर्शन घडते. सहा पंखांचे सराफीम दोन पंखांनी आपले तोंड झाकून घेतात, दोहोंनी पाय, आणि देव पवित्र आहे असे तीनदा पुकारतात. उंबरठे हादरतात, मंदिर धुराने भरते. आपले ओठ अशुद्ध आहेत, आता आपण संपलो, असे यशयाला वाटते. इथवर मला आजीचेच शास्त्र ऐकू येत होते. पवित्र या अर्थाचा 'कादोश' हा जो हिब्रू शब्द, त्याच्या मुळाशीही वेगळेपणाचाच अर्थ आहे, असे पाळक म्हणाले. सोवळे तरी दुसरे काय असते?

पण पुढे गोष्ट उलटी फिरते. एक सराफ वेदीवरचा निखारा चिमट्याने उचलतो आणि त्याच अशुद्ध ओठांना लावतो. निखारा बाटत नाही. ओठ शुद्ध होतात. आजीच्या जगात स्पर्शाने विटाळ पसरे. इथे स्पर्शाने पावित्र्य पसरते. येशूने कुष्ठरोग्याला हात लावून बरे केले, ते याच न्यायाने. मग कोणाला पाठवू, असे देव विचारतो, आणि यशया स्वतःहून पुढे होतो.

त्या सकाळची सारी उपासना याच क्रमाने चालली होती. आधी स्तुती, मग आपल्या पापांची कबुली, क्षमेचे वचन, शास्त्रपाठ, उपदेश, आणि शेवटी आशीर्वाद देऊन लोकांना जगात धाडणे. देव पवित्र आहे म्हणून आधी मान लवते. आणि तो पवित्र आहे म्हणूनच शेवटी दार उघडते. काकू त्या दारातून आमच्या घरी येत होत्या.

बाहेर चपला घालताना मी म्हणालो, "तुमच्यात सोवळे नाही, हे बरे."

"तसं नाही रे," मित्र म्हणाला. "जात काही चपलेसारखी दाराशी राहत नाही. आमच्यातही पुष्कळदा आत येऊन बसते."

खरेच आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी आपले सोवळे कसे सुटत गेले ते 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवले आहे. ते काही एका दिवसात सुटले नाही. आणि तापल्या वाळवंटातले अस्पृश्याचे पोर नाथांनी कडेवर घेतले, ही गोष्ट मला आजीनेच सांगितली होती. गोष्ट सांगणारी आणि करंज्या गाईपुढे ठेवणारी आजी एकच. मीही चौथीच्या वर्गाला ती गोष्ट दरवर्षी सांगतो.

त्या दिवशी मात्र मी धीर केला. "त्या करंज्या…" एवढेच म्हणालो.

"आईला ठाऊक होतं," तो म्हणाला. "दरवर्षीच ठाऊक असायचं. म्हणायची, गाय तरी आवडीनं खाते ना."

ठाऊक होते; आणि तरी त्या दोन महिने येत होत्या.

यंदा फराळाचे ताट मुलाच्या हाती न देता मी स्वतः पलीकडे नेणार आहे. वर झाकायला रुमाल काढून ठेवला आहे. त्या नाताळी न्यायचा राहिलेला.