पाव मोठा की अर्धा?

सोमवार, ५ ऑगस्ट २०२४

आवणी संपत आली तरी पाचवीतली काही मुले अजून खाचरातच आहेत. जी आली त्यांच्याबरोबर अपूर्णांकांची तुलना घेतली. फळ्यावर १/२ आणि १/४ लिहिले, मोठा कोणता ते विचारले. बहुतेकांनी १/४ ला मोठा ठरवले. कारणही लगेच तयार होते, "बाई, चार दोनापेक्षा मोठे ना!"

मग त्याच मुलांना विचारले, दुकानातून कोणी अर्धा किलो साखर आणली, कोणी पाव किलो. जास्त कोणाकडे? सगळी एका सुरात ओरडली, अर्धा किलोवाल्याकडे. म्हणजे तराजूतला पाव त्यांना पक्का ठाऊक आहे. वहीत तो १/४ होऊन आला की त्यांना छेद दिसतो, वाटा दिसत नाही. शिकवणी नेमकी इथून सुरू व्हायला हवी. पण कशी, हे पाठ्यपुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणांवरून कळत नाही.

मंगळवार, ६ ऑगस्ट

रात्री तीन वह्यांच्या पानांचे फोटो आमच्या छोट्या गटात टाकले. नावे झाकून. खाली लिहिले, "पाचवी. मुले छेद पाहून अपूर्णांक ठरवतात. तुमच्याकडे काय उपयोगी पडले?"

हा गट एका प्रशिक्षणात एकत्र बसलेल्या शिक्षकांचा. कोणी जव्हारकडचे, कोणी पेठचे, एक मॅडम धडगावच्या, बाकी आम्ही अकोले तालुक्यातले. पहिल्यापासून एकच शिस्त पाळली आहे, वर्गात घडलेले असेल तेच इथे लिहायचे. सुप्रभात नाही, वाढदिवस नाही, बदल्यांच्या याद्या नाहीत. त्यासाठी दुसरे गट भरपूर आहेत. फोनवर दिवसभर जे वाजत असते त्यात "आजच दुपारपर्यंत माहिती भरावी" हे सर्वांत वरचे. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक माहिती भरायला बसला की दुसऱ्याकडे पाचही वर्ग येतात. त्या गर्दीत शिकवण्याबद्दलचा प्रश्न टिकावा म्हणून तर ही वेगळी जागा.

जेवणे आटोपेपर्यंत उत्तरे आली. पेठच्या सरांनी लिहिले की आकृत्या रंगवायला देऊ नका, मुले नुसते रंगवतात. एकाच लांबीच्या कागदी पट्ट्या द्या, त्यांच्या त्यांना दुमडू द्या आणि तुकडे एकाखाली एक ठेवायला सांगा. जव्हारच्या सरांनी विचारले, "तुमची मुले १/४ कसे वाचतात? 'एक छेद चार' की 'चारातला एक वाटा'?" प्रश्न साधा, पण त्याने मला सकाळच्या तासाची दिशा मिळाली.

गुरुवार, ८ ऑगस्ट

पट्ट्या जमल्या. वर्तमानपत्राच्या, सगळ्या सारख्या लांबीच्या. दोन भाग, चार भाग, आठ भाग मुलांनी सहज पाडले. तीन समान भाग पाडताना मात्र वर्ग गढून गेला. दुमडायचे, उलगडायचे, पुन्हा दुमडायचे. एकीने पट्टी गोल वळवून तिचे तीन पदर एकावर एक बसवले आणि मग दाबले. मी सुचवले नव्हते. तिच्याकडून बाकीच्यांनी उचलले. भाग वाढले की वाटा लहान होतो, हे शेवटी मी न सांगताच फळ्यावर आले.

तसे गटात कळवले. धडगावच्या मॅडमचे उत्तर आले, "छान. आता उद्या लगेच ३/४ आणि २/३ विचारा. माझ्या मुलांनी इथे नवा नियम केला होता, छेद मोठा तो अपूर्णांक लहान."

शुक्रवार, ९ ऑगस्ट

अगदी तसेच झाले. मुलांनी ३/४ लहान ठरवला, का तर चार मोठा! मॅडमच्या सांगण्यामुळे मी तयारीत होते. पट्ट्या पुन्हा काढल्या आणि विचारले, पूर्ण व्हायला किती कमी पडते? ३/४ ला पावच कमी पडतो, २/३ ला त्याहून मोठा, १/३ चा तुकडा. ज्याला कमी हवे तो पूर्णाच्या जास्त जवळ. दोन मुलांना हे पटायला वेळ लागला, त्यांना तुकडे हातात घेऊनच पटले.

मला आज जे मिळाले त्याची किंमत फार मोठी आहे. धडगाव माझ्या शाळेपासून कुठल्या कुठे. तिथली मुले घरी पावरी बोलतात, माझी मराठी. पण मुले चुकतात त्या वाटा सारख्या आहेत. पुढच्या वळणावर काय येणार हे तिथून आधी चालून गेलेल्या बाईंनी मला एक दिवस अगोदर सांगितले. मार्गदर्शिकेत तासाचे नियोजन असते. पट्ट्या जमल्याच्या दुसऱ्या दिवशी मुले कोणता चुकीचा नियम बांधतील, हे तिच्यात क्वचित सापडते.

मंगळवार, १३ ऑगस्ट

शाळेचा प्रोजेक्टर आणि माझा लॅपटॉप. 'फेट'वरचे अपूर्णांकांचे आभासी साधन दाखवले. कोलोरॅडो विद्यापीठातला हा उपक्रम भौतिकीचे नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. साधने विनामूल्य आहेत, मराठीतही आहेत, आणि आमच्यासाठी सर्वांत मोलाचे म्हणजे एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. राजूरला गेले की रेंज मिळते, तिथे मी लागणारे सगळे उतरवून ठेवते.

पट्ट्यांच्या आधी हे दाखवले असते तर मुलांनी फक्त माऊस मागितला असता. पट्ट्या हाताळून झाल्यावर मात्र त्यांनी पडद्यावर स्वतःच प्रश्न लावले, सहा भाग केले तर, बारा केले तर. कागदाचे बारा भाग पाडणे अवघड, पडद्यावर सोपे. साधनाचा क्रम ठरवणे हेच शिक्षकाचे काम आहे, आणि तो क्रम कुठल्याही पोर्टलवर तयार मिळत नाही.

'दीक्षा' पोर्टलचेही तेच. ५ सप्टेंबर २०१७ ला ते सुरू झाले. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या पाठाची चित्रफीत उघडते. गैरहजर राहिलेल्या मुलाला, घरात फोन असेल तर, याचा आधार होतो. एप्रिल २०२० मध्ये शाळा बंद असताना राज्याने रोजची अभ्यासमाला फोनवर पाठवली, तेव्हा आपल्याकडे निदान पाठवण्याजोगे काही तयार होते ही लहान गोष्ट नव्हती. गोष्टी वाचायला मी 'स्टोरीवीव्हर' वापरते. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये ते खुले केले. तिथल्या गोष्टी मुक्त परवान्याच्या आहेत, म्हणजे मी त्या छापू शकते, त्यांचे भाषांतर करू शकते, मुलांच्या बोलीत बसवू शकते, कोणाची परवानगी न मागता. विज्ञानाच्या खेळण्यांसाठी अरविंद गुप्तांचे संकेतस्थळ आहेच. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची त्यांची रचना आमच्या चौथीच्या मुलांनी नुकतीच केली. साहित्याची ददात आता तितकी उरलेली नाही, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

रविवार, १८ ऑगस्ट

शिक्षकांनी एकमेकांना लिहिणे आपल्याकडे फार जुने. एकोणिसाव्या शतकात 'शालापत्रक' होते; कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि पुढे विष्णुशास्त्री यांनी ते सांभाळले, १८७५ मध्ये ते बंद झाले. पुढच्या शतकात ताराबाई मोडकांनी मराठी 'शिक्षणपत्रिका' चालवली. गिजुभाई बधेकांचे गुजरातेतले प्रयोग मराठी शिक्षकापर्यंत आले ते मोठ्या अंशी ताराबाईंमुळे. साताऱ्याचे कुमठे बीट तर आमच्या डोळ्यांदेखतचे. प्रतिभा भराडे विस्तार अधिकारी असताना तिथल्या शाळांनी केलेले काम पाहायला राज्यभरातून शिक्षक जात. जमिनीवर आखलेले तक्ते, गटात बसून आपली आपण शिकणारी मुले, हे वाचून पटले नसते. वर्गात उभे राहून पटले.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांच्या क्यूआर कोडच्या कामाबद्दल सगळे बोलतात. मला त्या वाटून देण्यात शिक्षकाचा स्वभाव जास्त दिसतो. हाताला लागलेली युक्ती शेजारच्या वर्गाला दिल्याशिवाय चांगल्या शिक्षकाला राहवत नाही.

शनिवार, २४ ऑगस्ट

केंद्राची शिक्षण परिषद. मला वीस मिनिटे मिळाली. सादरीकरण केले नाही. वर्तमानपत्राच्या पट्ट्या वाटल्या आणि सगळ्यांना तीन समान भाग करायला सांगितले. खोलीतला आवाज वाढला, केंद्रप्रमुखही दुमडत बसले.

नंतर एका सरांनी आपल्या वर्गाचे फोटो मोठ्या गटात टाकायचे म्हटले, मुलांच्या चेहऱ्यांसकट, खाली "अप्रगत विद्यार्थी" असे लिहून. हेतू चांगला होता. तरी मी उभी राहून नको म्हटले. हजारभर लोकांच्या गटात गेलेला फोटो परत घेता येत नाही, आणि ते मूल उद्या दहावीला जाईल, नोकरीला जाईल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरण्याआधी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हटले असते. आपल्याला वही हवी आहे, चेहरा नको. उत्तर कसे चुकले ते सगळ्यांना दिसू दे, कोणाचे चुकले ते वर्गातच राहू दे. सरांनी मान्य केले आणि तिथेच वहीचा फोटो काढून नाव झाकले.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

अपूर्णांक संपवून पुढे जायच्या बेतात होते. पट्टी वळवून तीन भाग पाडणाऱ्या त्याच मुलीने हात वर केला. "बाई, मोठ्या भाकरीचा पाव आणि छोट्या भाकरीचा अर्धा, यात मोठा कोणता?" वर्ग गप्प झाला. मग वाद पेटला तो मधल्या सुट्टीपर्यंत. एकाने जेवताना डब्यातली भाकरी मोडूनच दाखवली. पूर्ण सारखे असेल तरच तुलना, हे वाक्य अखेर मुलांनी त्यांच्या शब्दांत लिहिले.

तिचा प्रश्न जसाच्या तसा गटात पाठवला. जव्हारच्या सरांनी तो त्यांच्या वर्गाच्या फळ्यावर लिहिला म्हणे. तिथे एका मुलाने उलट विचारले, भाकरी किती मोठी ते आधी सांगा. हे मी माझ्या मुलांना वाचून दाखवले. आपल्या प्रश्नावर दुसऱ्या गावच्या मुलाने विचार केला, याचे त्यांना अपार अप्रूप वाटले.

गुरुवार, ५ सप्टेंबर

शिक्षक दिन. मोठ्या गटांत सकाळपासून फुलांचे फोटो आणि शुभेच्छा. त्यांच्यामध्ये शेजारच्या केंद्रात नव्याने रुजू झालेल्या एका शिक्षणसेवकांचा प्रश्न येऊन खाली सरकून गेला होता. त्यांची मुले ५०३ मधून २६८ वजा करून ३६५ लिहितात, काय करू? एकशिक्षकी शाळा, विचारायला शेजारच्या वर्गात कोणी नाही.

मी त्यांना वेगळा फोन केला. मुले प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतात, वरचा-खालचा पाहत नाहीत, हे त्या उत्तरावरूनच कळले. शतकाचा एक गठ्ठा सोडून दहा दशक करायचे आणि त्यातला एक दशक सोडून दहा सुटे, हे काड्यांनी आधी करून घ्या, लिहिणे नंतर, असे सुचवले. आमच्या छोट्या गटात त्यांना घेतले. संध्याकाळपर्यंत पेठच्या सरांनी त्यांना दहा-दहाच्या नोटांचा खेळ कळवला आणि धडगावच्या मॅडमनी विचारले, मुलांना ४०० मधून १ काढता येतो का, ते आधी पाहा.

सोमवारी ते काड्यांनी तास घेणार आहेत. काय झाले ते दोन ओळींत गटात लिहायचे, एवढे त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे.