वय पाहावे की धाव?

जुनी मोटार घेऊ इच्छिणाऱ्यापुढे दोन आकडे येतात : गाडीचे वय आणि तिची धाव. बहुतेकांची दृष्टी दुसऱ्यावरच खिळते. कमी धावलेली ती चांगली, हा लोकसमज सर्वस्वी खोटा नव्हे. परंतु तो अर्धाच खरा आहे.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी बंधू सल्ल्यासाठी आले. वृद्ध आईस आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बेळगावास न्यावे लागे; बसचा प्रवास तिला सोसवेना. दुधाच्या पैशांतून साठविलेली पुंजी गाठीशी होती, आणि ती पुन्हा साठणे कठीण होते. त्यांनी दोन गाड्या पाहिल्या होत्या. एक १२ वर्षांची, पण २४,००० किलोमीटरच चाललेली; दुसरी ५ वर्षांची, ९०,००० चाललेली. पहिली मोठी व डौलदार, म्हणून किंमत जवळजवळ सारखीच.

"फादर, पहिली तर नव्यासारखीच आहे की!" ते म्हणाले.

मी विचारले, "विहिरीवरचा पंप वर्षानुवर्षे बंद ठेवला, तर तो नवा राहतो काय?"

ते हसले, मर्म त्यांच्या ध्यानी आले. धावण्याने यंत्र झिजते, तद्वत नुसत्या काळानेही रबर कडक होते, ब्रेकचे द्रव हवेतील ओलावा शोषते, बॅटरी क्षीण होते. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापतच नाही, त्यामुळे तेलात ओल राहते. उलट महामार्गावर एकसारखी चाललेली गाडी क्लच व ब्रेक कमी झिजविते. म्हणूनच कारखानदार आपल्या पुस्तिकेत तेल बदलण्याची मुदत किलोमीटर व महिने अशा दोन्ही मापांत देतात : जे आधी भरेल ते खरे.

शिवाय कायद्याचीही गोष्ट आहे. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. पहिल्या गाडीच्या नोंदणीची तीनच वर्षे उरली होती.

किलोमीटरचा आकडा मागे फिरविता येतो, हेही विसरू नये. दुरुस्तीच्या नोंदी मागाव्यात; पायपट्टीचे रबर व स्टिअरिंगची झीज पाहावी. टायरवरील शेवटचे चार अंक वाचावेत : '२३१८' म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. कोल्हापूरची गाडी बेळगावात कायमची आणावयाची, तर ना-हरकत दाखला व कर्नाटकाचा कर यांचा हिशेब आधीच करावा.

त्या बंधूंनी ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून, सर्व नोंदी असलेली दुसरी गाडी घेतली आणि टायरांपुरते पैसे राखून ठेविले. माउली आता वेळेवर इस्पितळात पोहोचते.

तात्पर्य, वाचकहो, धाव पाहावी, वय पाहावे. परंतु गाडीची निगा कोणी व कशी राखली, हे सर्वांआधी विचारावे.