चिंच : कोरडी आणि ओली

गाव वर, आमची वस्ती खाली, आणि मधे ओढ्याच्या काठाला चिंचेचं झाड. बार्शी तालुक्यातल्या कुठल्याही गावाला जा, असं एखादं झाड दिसेलच. चिंचेवर भूत असतं, रात्री तिच्याखाली झोपू नये, असं वरचा गाव सांगायचा. आम्ही तर तिच्याच सावलीत जन्मलो, वाढलो. तेव्हा गावाला नेमकं भ्या कुणाचं वाटत होतं, ते वाचणाऱ्यानं समजून घ्यावं.

झाड आमच्या दारात, पण सातबारा पाटलाचा. आम्ही पोरं दगड मारून गाभुळलेली चिंच पाडायचो आणि शिव्या खायचो. माघ-फाल्गुनात आकडे पिकले की व्यापारी यायचा, उभ्या झाडाचा सौदा करायचा. वर चढून फांद्या हलवायला गडी आमचे. खाली वेचायला पोरं आमची. फोडायला बाया आमच्या. आणि साफ झालेली चिंच पोत्यात भरून बार्शीच्या बाजारात.

माझ्या आजीचा जन्म चिंच फोडण्यात गेला. पाटलाच्या अंगणात ओळीनं बाया बसायच्या. पुढ्यात दगड, हातात लोखंडी हातोडी. आधी टरफल काढायचं, मग शिरा ओढायच्या, मग ठोकून चिंचोका बाहेर. मजुरी वजनावर. बोटांच्या चिरांत चिंच शिरली की रात्रभर झोंबायचं. आजी झोपेत हात झटकायची. मला लहानपणी वाटायचं, म्हातारी सपनात कुणाला तरी मारतीय.

एकदा तिनं मला सांगितलं, "कोरड्याला इटाळ न्हाय लेकरा, वल्याला हाय."

मला कळलं नाही. मग तिनं गोष्ट सांगितली. ती नवी नवरी होती तेव्हाची. पाटलाच्या घरी सण होता. पुरणाची डाळ शिजली होती, येळवणीची आमटी करायची होती. सुनेनं मोठ्या गंजात चिंच भिजत घालून अंगणातच ठेवली होती. आजी तिथंच चिंच फोडत होती. सून म्हणाली, कामं किती पडलीत. आजीला वाटलं, बाईला हातभार लावावा. तिनं गंजात हात घातला आणि चिंच कुस्करली.

"सगळा गंज उकिरड्यावर वतला," आजी म्हणाली. "गंज राखंनं घासला, इस्तवावर धरला. मला चार दिवस कामाला बोलावलं न्हाय. आरं, ती चिंच मीच फोडल्याली व्हती की! माझ्याच बोटांनी शिरा काढल्या व्हत्या. कोरडी व्हती तवर माझा हात चालला. पाण्यात पडली आन् माझा हात बाटका झाला."

पुढं मी वाचलं, की चिंच ह्या देशातली नाहीच. मूळ आफ्रिकेतलं झाड. अरबांनी तिला हिंदचा खजूर म्हटलं, त्यावरून तिचं इंग्रजी नाव पडलं. बाहेरून आलेल्या झाडाला सोवळ्यातल्या सैपाकात जागा मिळाली. इथल्याच मातीतल्या हाताला मिळाली नाही.

आमच्या घरी चिंचेला सोवळं नव्हतं. फोडताना पदरात आलेली मूठभर चिंच आजी मीठ लावून, गोळा करून मडक्यात ठेवायची. वर्षभर पुरवायची. तूरडाळ असली तर आमटी, नसली तर नुसतं चिंचेचं पाणी. कोळ काढायचा, त्यात मीठ, तिखट, असला तर गुळाचा खडा, वरून लसणाची फोडणी. भाकरी कुस्करून खायची. आंबटानं तोंडाला पाणी सुटतं, भाकरी घशाखाली उतरते. अळू रांधताना चिंच लागायचीच, तिच्याशिवाय घशाची खाज मरत नाही. सुक्या बोंबलाच्या कालवणात चिंच, उन्हाळ्यात कोवळ्या पाल्याची भाजी. ज्या घरात टमाटं विकत आणणं ही चैन होती, त्या घरात जिभेला चव चिंचेनं दिली.

आणि चिंचोके. गर बाजाराला गेला की चिंचोके मागं राहायचे. १९७२ च्या दुष्काळात आजी विशीतली होती. दुष्काळी कामावर खडी फोडत होती. सुकडी मिळायची, मिलो मिळायचा, पण मिळेपर्यंत पोटाला काय? आजी चिंचोके तव्यावर भाजायची. भाजले की वरचं लाल टरफल तडकतं. ते नीट काढायचं, नाही तर पोट बिघडतं. मग आतला पांढरा गर भिजवायचा, जात्यावर भरडायचा आणि पाण्यात शिजवायचा. खळीसारखं चिकट व्हायचं. "चव न्हवती," आजी सांगायची, "पर पोटाला चिटकून बसायचं. पोट गप ऱ्हायाचं."

आता चिंचोकाही फुकट राहिला नाही. त्याचंही वजन होतं, तोही पोत्यात जातो. कुठं जातो, हे मला इचलकरंजीला आल्यावर कळलं.

मी सायझिंगमध्ये कामाला आहे. दहावी नापास. वाचायला शिकलो ते शाळा सुटल्यावर, नाइटपाळीच्या आधी वाचनालयात बसून. कविता करतो, ते बाजूला. आमच्या खात्यात काय चालतं, ते सांगतो. कापडाला ताणा लागतो आणि बाणा लागतो. ताण्याचा धागा लूमवर सारखा ओढला जातो, फणीत घासतो, वर-खाली होतो. कोरं सूत तसंच चढवलं तर त्याची लव उठते आणि ते तटातट तुटतं. म्हणून ताण्याचं सूत आधी उकळत्या खळीतून काढायचं, रुळात पिळायचं, वाफेनं तापलेल्या सिलिंडरवर वाळवायचं आणि बीमवर गुंडाळायचं. खळ धाग्याची लव बसवते, त्याला बळ देते. खळ नाही तर कापड नाही.

ही खळ आता बऱ्याच ठिकाणी मक्याच्या स्टार्चची आणि रसायनांची असते. पण पुडीचं पहिलं पोतं मी फोडलं, तेव्हा वासानं थबकलो. आजीच्या तव्याचा वास. मुकादमाला विचारलं, तर म्हणाला, "चिंचोक्याची पूड हाय. स्वस्त पडती." आमचे सनगर घोंगडीला चिंचोक्याचीच खळ देतात, ते मला ठाऊक होतं. पण यंत्राच्या टाकीत आजीचा दुष्काळ शिजत असेल, असं कधी वाटलं नव्हतं. जे आमच्या पोटाला चिकटलं, तेच धाग्याला चिकटतं. खळीत धागा मऊ राहावा म्हणून गिरण्या जनावराची चरबीही घालत आल्या. कोऱ्या धोतराला सोवळं म्हणणाऱ्यांनी खळीच्या टाकीजवळ कधी उभं राहून पाहिलं नसावं.

आता खोलीतली गोष्ट. आम्ही तिघं एका खोलीत राहतो. एक लूमवर आहे, एक हमालीला, एक मी. रविवारी चिंचगुळाची आमटी करायची असा रिवाज. लूमवाला चांगला सैपाक करतो. तो म्हणायचा, "तू चिंच निवडून दे, शिरा काढ. भिजवायचं, कोळ काढायचं माझ्यावर सोड." मला वाटायचं, माणूस जिवाचा आहे, काम वाटून घेतो. दोन महिने मी चिंच निवडत राहिलो.

एका रविवारी त्याला पाळीवरून यायला उशीर झाला. मी चिंच भिजवली, कोळ काढला, आमटी उकळून ठेवली. तो आला, झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाला, "आज भूक न्हाय." पुढच्या वेळी मी पुन्हा केली. तेव्हा म्हणाला, "पोट बिघडलंय." आणि खाली जाऊन वडापाव खाऊन आला.

हमाल माझ्याकडं बघत होता. तो म्हणाला, "त्याला तुझं आडनाव कळलंय लगा."

मी भांडलो नाही. भांडायला समोर काही पाहिजे ना. कुणी शिवी दिली नव्हती, कुणी गंज ओतला नव्हता. नुसतं एका माणसाचं पोट बिघडलं होतं. पण त्या रात्री आजीचे शब्द कानात वाजत होते. कोरड्याला न्हाय, वल्याला हाय. पाटलाच्या अंगणापासून इचलकरंजीच्या खोलीपर्यंत पन्नास वर्षं चालत आलेला हा नियम. त्याला ना सातबारा लागला, ना तिकीट.

आणि हा नियम गिरणीला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत कापड विणायच्या खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय? धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, त्याला थुंकी लागे. सूत कातायला आमचा हात चालायचा. थुंकीनं ओलं झालेलं सूत चालत नव्हतं. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर मांडला. कामगार सगळे एक, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारलं, मग त्या खात्याचं दार आम्हाला बंद का? मी ते वाचलं तेव्हा मला इतिहास वाटला होता. आता माझ्या खोलीत त्याच्यासाठी चटई अंथरलेली आहे.

दुसऱ्या दिवशी मी लूमवाल्याच्या शेडला बीम पोचवायला गेलो. बीम मीच भरलेला. त्याची खळ मीच शिजवलेली, घट्ट झाली का म्हणून बोटानं मीच पाहिलेली. तो लूमवर उभा होता. ताण्यातला एक धागा तुटला. त्यानं लूम थांबवला, तुटलेलं टोक शोधलं, बोटं जिभेवर ओली केली, टोक पिळलं आणि गाठ मारली. पुन्हा एक तुटला. पुन्हा बोट जिभेवर. दिवसातनं किती वेळा, ते तोच जाणे. माझ्या हातची खळ त्याच्या बोटावर आणि बोट त्याच्या जिभेवर.

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यानं काय केलं असतं? लूम सोडून घरी गेला असता? त्याचंही पोट आहे. कामाच्या जागी चालतं, ताटाच्या जागी चालत नाही, एवढाच त्याचा धर्म उरलाय, आणि तोही त्याला नीट पाळता येत नाही.

आता रविवारी कोळ मीच काढतो. मुद्दाम दाराशी बसून, सगळ्यांच्या देखत, कोपरापर्यंत हात घालून. हमाल दोन वाट्या पितो. लूमवाला कधी बाहेर जातो, कधी तोंड फिरवून पडून राहतो. गेल्या रविवारी फोडणीचा वास सुटला तेव्हा त्यानं कूस बदलली आणि विचारलं, "गूळ घातलास का?"

मी म्हणालो, "घातलाय. उठून चाखून बघ."

तो उठला नाही. मी त्याची वाटी भरून, झाकून ठेवली. सकाळी आमटी तशीच होती, वर साय धरलेली. ती मी ओतली नाही. गरम केली आणि भाकरीबरोबर खाऊन पाळीवर गेलो. आमच्या घरात ओलं काही उकिरड्यावर ओतायची रीत नाही.