शाळेमागचे दोन गुंठे

चि. बाळास,


शाळेमागच्या दोन गुंठ्यांत मुलांकडून शेती करून घेणार म्हणतोस. जरूर घे. पण ‘शेतीतून सुटावं म्हणून लेकरू शाळेत घातलं, अन् तुम्ही पुन्हा खुरपंच देता?’ असं ज्या पालकानं तुला सुनावलं, त्याचं काही चुकलं नाही. निंदण-खुरपण पोरं घरी बघतात, करतातही. शाळेनं त्यात प्रश्न घालायला हवा. 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींचा आग्रह हाच होता: हातकामाचा वेगळा तास नको, त्या कामातूनच बाकीचे विषय यावेत. सेवाग्रामच्या ‘आनंद निकेतन’मध्ये मुलं आजही शेतात राबत शिकतात. बाकी शाळांत कार्यानुभव म्हणजे कुंड्यांना गेरू फासणं!

तुमचा भाग सोयाबीनचा, तेव्हा सुरुवात पेरणीच्या आधी उगवण चाचणीने कर. प्रत्येकाला घरच्या बियाण्यातलं मूठभर आणायला सांग. दुकानातलं नको, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असू शकतं, पोरांच्या हाती ते देऊ नये. बी निवडून घेऊ नका, येईल तसं मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उलगडून धड कोंब मोजायचे. शंभरातले किती, म्हणजेच शेकडा किती. चौथीच्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही. 70 किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरण्याजोगं.

मग कुणीतरी विचारेलच, ‘गुरुजी, याचे कमी का?’ उत्तर सांगून मोकळा होऊ नकोस. सोयाबीनचं साल पातळ, अंकुर त्याच्या लगेच खाली. पोती आदळली की बी आतून दुखावतं. हे तुला माहीत आहे, ते पोटात ठेव. एकाच पोत्यातल्या बियांच्या दोन पुरचुंड्या करू दे. एक जपून ठेवायची, दुसरी खांद्याच्या उंचीवरून फरशीवर आपटायची, आणि दोन्हींची चाचणी शेजारी-शेजारी लावायची. फरक दिसला नाही तर पुन्हा करा. मनाजोगता आकडा वहीत लिहू द्यायचा नाही, एवढी शिस्त मात्र कडक ठेव.

पीक महिन्या-सव्वा महिन्याचं झालं की एक रोप काढा. उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. भोवतीची माती खुरप्यानं सैल करून ढेकळासकट उचला आणि बादलीत हलवून धुवा. मुळांवरच्या गाठी बघून निम्मी पोरं ‘कीड लागली’ म्हणतील. एक गाठ नखानं फोडायला लाव. आतून गुलाबी निघाली तर तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देताहेत. शेजारी ज्वारीचं मूळ ठेव. त्यावर या गाठी नसतात. खताची बॅग कुठल्या पिकाला किती, हा वाद मग घरोघरी पोहोचेल.

वाफा सरळ नसला, तण दिसलं, तपासणीला आलेले साहेब नाराज झाले तरी चालेल. त्यांना मुलांच्या वह्या दाखव.

एक काम मात्र टाळू नकोस. ज्याच्या घरचं बी 70 च्या खाली निघेल, त्या पालकाला त्याच संध्याकाळी गाठ. पेरणीआधी कळलं तर त्याला बियाण्याचं प्रमाण वाढवता येतं, नाहीतर बियाणं बदलता येतं. निरोप पोरानंच सांगावा, तू सोबत उभा राहा.

तुझा,
मामा