काचेवरची धूळ

मोहगावात उन्हाळ्यात गाडी धुणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं शेजारी म्हणतात. तासाभरात पुन्हा थर! तरी डॅडी रोज बादली काढतात.

धूळ दिसते मऊ. पण 1812 मध्ये मोह्स या जर्मन शास्त्रज्ञानं केलेल्या कठीणतेच्या मापावर (मोहगावशी काही संबंध नाही!) धुळीतला क्वार्ट्झचा कण 7 वर बसतो, काच साधारण 5.5 वर. म्हणजे कोरडं फडकं मारलं की आपणच काच घासतो. म्हणून डॅडींचा क्रम ठरलेला: आधी भरपूर पाणी, मग शाम्पूचं ओलं फडकं, तेही वरून खाली, कारण चाकांजवळ माती जास्त. वायपरचं रबर वेगळं पुसायचं. कोरड्या काचेवर कुणी वायपर चालवला, तर ते ओरडतातच.

रंगाचं मला फारसं काही वाटत नाही, गाडी सेकंडहँडच आहे. काचेचं वाटतं. आजीला डायलिसिसला नागपूरला नेतो, तेव्हा परतताना सावनेरच्या पुढे अंधार पडतो. समोरच्या ट्रकचा उजेड जुन्या बारीक ओरखड्यांवर फुटतो आणि क्षणभर रस्ताच दिसत नाही. डॅडी बोलायचे थांबतात, स्टीअरिंग घट्ट धरतात. मागे आजी झोपलेली असते.