अठ्ठावीस डबे

मंडळी, मागे इथे खकनारच्या जुन्या दुकानांची आठवण निघाली होती, त्यात नानांच्या इंजिन दुरुस्तीच्या दुकानाचं नाव आलं. वाचून बरं वाटलं. नाना गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्यांची ही एक गोष्ट बरेच दिवस लिहायची होती, पण तिच्यात माझी फजिती आहे, म्हणून राहून जात होतं.

खकनारला वीज असून नसल्यासारखी होती तेव्हा नाल्यावर, विहिरीवर डिझेल इंजिनंच चालायची. राजकोटची लिस्टर टाइप, मोठ्या दोन चाकांची, मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणारी, धक् धक् करत रात्रभर चालणारी. नंतर किर्लोस्करची आणि तसलीच हलकी, पंधराशे फेऱ्यांची आली. कोरकू, गुजर, मराठा, सगळ्यांची इंजिनं बैलगाडीत पडून नानांकडे यायची. त्या आवाजात तीस-पस्तीस वर्षं काढल्यावर नानांचा डावा कान पार गेला आणि उजवा अर्धा. मग दुकान मी बघू लागलो. मला गर्व होता की मी नुसत्या आवाजावर सांगतो, नोझल खराब आहे की बेअरिंग. लोकही म्हणायचे, पोरगं बापाच्या पुढे गेलं.

२०११ च्या एप्रिलात मुक्ताईनगरहून भाऊजींचा फोन आला. ताईचं सासर तिथलं, तापीकाठचं. हतनूर धरणाचं पाणी चांगदेवच्या संगमापर्यंत पसरलेलं असतं, महाशिवरात्रीला यात्रा भरते, एरवीही लोक येतात. भाऊजींच्या डोक्यात आलं की आपली मोटरबोट असावी, भाविकांना संगमावर फेरी मारून आणावी. नवीन बोट परवडणारी नव्हती. पुनासाकडे इंदिरा सागरच्या काठावर एक जुनी लोखंडी बोट विकायला आहे असं त्यांना कळलं होतं. किंमत सव्वा लाख. ताईच्या पाटल्या आधीच गहाण पडल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

"तू इंजिनातला माणूस, तू फक्त ये," भाऊजी म्हणाले. नानांना कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी निघताना तेच चप्पल घालून दारात उभे. "मी बी येतो. धरण पाहिलं नाही मी अजून." खिशात त्यांचा पेचकस, तो तर झोपतानाही उशाशी असायचा.

बुऱ्हाणपूर, असीरगड, खंडवा, मुंदी असं करत दुपारी पोचलो. त्या पाण्याखाली काय काय गेलंय ते निमाडच्या माणसाला सांगायला नको. हरसूद २००४ ला उठलं तेव्हा आमच्याकडेही तिथली दोन घरं येऊन राहिली होती. उन्हाळ्यानं पाणी मागे सरकलेलं, काठावर तडा गेलेला गाळ, आणि त्यात हिरव्या-पिवळ्या ताज्या रंगाची बोट उभी. बावीस फूट लांब. मालक साधा माणूस, मासे आणि माणसं दोन्ही वाहायचा. त्याच्याबरोबर बारा-तेरा वर्षांचा पोरगा.

आता मी इंजिन कसं बघितलं ते सांगतो, कारण ते मी नीट बघितलं होतं.

पहिलं म्हणजे हात लावून बघितलं, इंजिन थंड आहे का. विकणारा हुशार असला की तुम्ही यायच्या आधी तासभर चालवून ठेवतो, मग गरम इंजिन कुणीही चालू करतं. हे थंड होतं. डिपस्टिक काढली, ऑइल काळं होतं पण दुधट नव्हतं. दुधट असतं तर पाणी आत शिरतंय, हेड गॅस्केट नाहीतर त्याहून वाईट. डिझेलच्या टाकीच्या तळचं थोडं काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरलं, खाली पाण्याचा थर दिसला नाही. मग डिकॉम्प्रेशनचे लिव्हर खाली ठेवूनच हँडल हळू फिरवलं. दोन्ही सिलिंडरवर हाताला सारखा जोर लागत होता. एक मऊ लागला असता तर रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह गेले समजायचं. मग लिव्हर उचलून हँडल मारलं, लिव्हर सोडले, दुसऱ्या फेऱ्यात इंजिन बोललं. धूर सुरुवातीला जरा काळा, मग निवळला. निळा नाही, म्हणजे ऑइल जळत नाही. पांढरा नाही. ऑइल भरायचं झाकण काढून तळहात धरला, तिथूनही फुसफुस नाही.

वीस हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडरचं पंपाचं इंजिन होतं ते, त्याला जुन्या जीपची गिअरपेटी जोडलेली. म्हणजे रिव्हर्स होता. पुष्कळ देशी बोटींना तोही नसतो, काठावर आलं की इंजिन बंद करायचं आणि बांबू टेकवायचा. काठावर उभं इंजिन कुणाचंही गोड वाजतं, म्हणून मी म्हटलं भर पाण्यात चला. आम्ही सहा जण बसलो, आणि चाळीस मिनिटं पूर्ण रेसवर फिरवली. थंडाव्याचं पाणी बाजूच्या नळीतून पडत होतं त्यात बोट धरलं, कोमट. शाफ्टच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी येत होतं. ते यायलाच पाहिजे, आपल्या शेतातल्या पंपाचंही तसंच असतं. ग्लँडची डोरी इतकी आवळली की एकही थेंब येत नाही, तर ती शाफ्ट जाळते.

मी खूश. इतकं ठणठणीत जुनं इंजिन मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. नाना मात्र पूर्ण वेळ मागे, त्या पोराच्या शेजारी बसून राहिले. इंजिनाकडे एकदाही फिरकले नाहीत. मला वाटलं, ऐकू येत नाही बिचाऱ्यांना, काय करतील. धरण बघत असतील.

काठाला लागलो. मालक म्हणाला, "भैया, कल अमावस है. लेना हो तो आज ही शगुन कर दो, एक पार्टी और आ रही है." भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणालो, "घ्या." अकरा हजार बयाणा त्यांनी तिथल्या तिथे मोजून दिला. नाना अजून गाळातून चप्पल सांभाळत वर येत होते.

वर आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरानं किती डबे काढले?"

मला कळेना. "कसले डबे?"

"पाण्याचे. मी मोजले. अठ्ठावीस."

ते पोरगं मागे बसून डब्यानं पाणी उपसत होतं हे मीही बघितलं होतं. नावेत पाणी उपसतातच, त्यात काय बघायचं? पाच लिटरचा ऑइलचा डबा अर्धा कापलेला. नानांनी तो हातात आणला होता. त्याची कापलेली कड मला दाखवली. नुकताच कापलेला पत्रा बोटाला लागतो. ही कड वापरून वापरून चांदीसारखी गुळगुळीत झालेली होती.

"अडीच लिटरचा धर. सत्तर लिटर पाणी झालं चाळीस मिनटात. तुझ्या ग्लँडचं पाणी चाळीस मिनटात कपभर बी होत नाही. मंग बाकीचं कुठून आलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नानांनी मालकाला सांगितलं, बोट बाहेर काढून दाखव. तो म्हणाला, आज ट्रॅक्टर नाही. नाना म्हणाले, काही हरकत नाही, आम्ही थांबतो. आणि खरंच थांबलो. रात्री त्याच्याच ओसरीवर झोपलो, त्याच्याच बायकोनं केलेली भाकरी आणि मासे खाल्ले. भाऊजी माझ्याशी बोलत नव्हते. नाना मात्र मालकाशी शेती, भरपाई, मुंदीचा बाजार, सगळं बोलत बसले, तो ओरडून सांगायचा आणि हे अर्धंच ऐकायचे.

सकाळी ट्रॅक्टरनं बोट गाळावरून वर ओढली. खाली दगड लावून टेकवली. बाहेरून रंग एकदम झकास. आत तळाला मात्र घरातल्या मोरीसारखा गुळगुळीत सिमेंटचा कोबा केलेला, हे मी आदल्या दिवशी बघितलं होतं आणि मला आवडलं होतं, पाय घसरत नाही म्हणून! नाना म्हणाले, आत पाणी भरा. आम्ही बादल्यांनी गुडघाभर पाणी भरलं आणि सगळे खाली वाकून बसलो.

पाच मिनिटं काही नाही. मग इंजिनाच्या पायाखाली, जिथे तेलपाणी कायम साचून राहतं तिथे, रंग ओला दिसायला लागला. मग आडव्या पट्टीच्या वेल्डिंगजवळ एक टिपूस, शेजारी दुसरा. थोड्या वेळानं हातभर लांबीची ओळच्या ओळ ठिबकायला लागली. पाणी आत येतं तिथूनच बाहेर येणार, मडक्याचा चिरा आई अशीच शोधायची.

नाना पाठीवर आडवे झाले आणि पेचकसाच्या मुठीनं पत्रा वाजवत सरकू लागले. पुढे नाळेकडे ठण्ण, ठण्ण. इंजिनाखाली आले आणि आवाज थप्प झाला. तो फरक त्यांना कानानं कळला नसणार, हाताला कळला असेल. मग त्यांनी पेचकस उलटा धरून टोक टेकवलं आणि नुसता अंगठ्यानं दाबला. टोक आत गेलं. रंग होता, गंज होता, आणि वर सिमेंट. मध्ये पत्रा म्हणावा असं काही उरलेलं नव्हतं.

मालक भडकला. माझी बोट फोडली म्हणाला, आणि एका अर्थानं खरंच होतं ते. सिमेंट त्यानं केलेलं नव्हतं, त्यानं बोट घेतली तेव्हापासून होतं, असं तो शपथेवर सांगत होता. माझा त्यावर विश्वास बसला, कारण त्याचा चेहरा आमच्यापेक्षा जास्त पडला होता. रोज त्याच बोटीतून तो माणसं न्यायचा. त्याचं पोरगं त्यात बसायचं.

बयाणा परत मिळाला नाही. भाऊजी भांडले, पण सौदा आम्ही मोडला होता, रीत तीच. उलट नानांनी त्याला वेल्डिंगसाठी पाचशे रुपये दिले, तेव्हा भाऊजी रागानं निघून झाडाखाली जाऊन बसले. नानांनी मालकाला समजावलं की भोकावर ठिगळ लावू नको, कोबा पूर्ण फोड, इंजिन उचल, आणि तळाचा पत्रा चांगला जिथे लागतो तिथपर्यंत कापून नवीन टाक. तोवर माणसं बसवू नको. त्यानं ऐकलं का, माहीत नाही.

परतीच्या जीपमध्ये मी नानांना म्हटलं, इंजिन मात्र खरंच चांगलं होतं. ते म्हणाले, "व्हतं ना. इंजन बंद पडलं तर मानूस वल्हं मारते. बूड गेलं तर काय मारशील?" आणि मग झोपून गेले.

त्या अकरा हजारांपायी ताई दिवाळीपर्यंत माझ्याशी नीट बोलली नाही. पाटल्या सोडवायला भाऊजींना दोन वर्षं लागली. बोटीचा विषय घरात निघेना.

आता दिवस बदललेत. २०२१ चा केंद्राचा कायदा आहे, १९१७ चा जुना गेला. त्यात नदी-तळ्यांतल्या यंत्राच्या बोटींची नोंदणी, तपासणीचं प्रमाणपत्र, विमा, सगळं आलं. २०२३ मध्ये भोपाळच्या मोठ्या तळ्यातल्या डिझेलच्या बोटी हरित न्यायाधिकरणानं बंद करायला लावल्या. म्हणजे आज कुणी जुनी डिझेल बोट घेत असेल तर कागद आणि ज्या पाण्यात घालायची तिथले नियम आधी बघावेत, इंजिन मागून. आमच्या वेळी कागद म्हणजे इंजिनाची मळकी पावती, तीही अर्धी फाटलेली.

गेल्या महिन्यात भाऊजींचा फोन आला. आता साठी गाठली त्यांनी, पण हौस गेलेली नाही. हतनूरच्या काठाला एक बोट आहे म्हणे, स्वस्तात. "इंजिन एकदम फर्स्ट क्लास वाजतंय रे, फोनवर ऐकवू का?"

मी म्हटलं, ऐकवू नका. तिथे ट्रॅक्टर कुणाचा मिळेल तेवढं विचारून ठेवा, मी रविवारी येतो.