आष्टी ते पाली, उताराच्या वाटेने

नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे आली ती सप्टेंबर २०२२ मध्ये. बीड शहरात ती पोहोचायला पुढची तीन वर्षं गेली, पण आष्टीकरांनी त्या पहिल्या गाडीचं स्वागत केलं ते आयुष्यभर वाट पाहिलेल्या माणसांसारखं. त्याच्या आदल्याच महिन्यात, ६ ऑगस्टला, याच तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक गळ्यात घालून उभा होता. ज्या तालुक्यात रेल्वे नव्हती, धावायचा धड ट्रॅक नव्हता, तिथला मुलगा केनियाच्या धावपटूंच्या मधोमध उभा राहिला. सकाळी नगरहून सुटलेल्या गाडीच्या खिडकीतून ज्वारीची हिरवी शेतं मागे जात असताना माझ्या डोक्यात हेच चाललं होतं.

मला जायचं होतं पालीला. बीडच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर, धुळे-सोलापूर महामार्गालगतचं हे गाव. बिंदुसरा नदीवरचं धरण इथे आहे. बीडहून रिक्षानेही अर्ध्या तासात जाता येतं. मी मात्र वरून, घाटावरून यायचं ठरवलं. बिंदुसरा पाटोद्याकडच्या डोंगराळ भागात उगम पावते, पालीला अडते, बीड शहरातून जाते आणि पुढे सिंदफणेला मिळते. पाणी जसं येतं तसं यावं, आणि वाटेत मांडव्याचा माळ पाहावा, एवढा साधा बेत होता.

बीड जिल्ह्याचे दोन भाग आहेत आणि इथली माणसं ते रोजच्या बोलण्यात पाळतात. गोदावरीकाठची काळी जमीन ती गंगथडी, आणि आष्टी, पाटोदा हा सगळा घाटावरचा मुलूख. घाटावर माती पातळ, खडक वर, पाऊस बेभरवशाचा. दसरा-दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला निघतात. मी गेलो तेव्हा रस्त्यावर तेच दृश्य होतं: ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, पिठाचं पोतं, त्यावर बसलेली लेकरं. नवराबायकोच्या जोडीला इथे एक ‘कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत साखर कारखान्याचा फड हेच घर. या ट्रॉल्यांतली मुलं मध्येच शाळा सोडून जातात, वसंतात परत येतात. त्यांतली किती मुलं पळण्यात चांगली असतील, कोण मोजणार?

मांडव्याच्या बाजूला गेलो तर दिसतो तो मोकळा, किंचित लहरत जाणारा माळ. शेतकरी आईबापांचा अविनाश सहा वर्षांचा असल्यापासून शाळेसाठी सहा किलोमीटर चालत किंवा पळत जायचा, कारण जायला दुसरं साधन नव्हतं. ही गोष्ट आता सगळीकडे सांगितली जाते आणि तिच्यातून एक निष्कर्ष फार सहज काढला जातो, की दुष्काळाने आणि गरिबीने हा खेळाडू घडवला. मला हे पटत नाही, आणि त्या माळावर उभं राहून तर अजिबात पटलं नाही. तेवढंच अंतर तेव्हा शेकडो मुलं तुडवत होती. ती सगळी धावपटू झाली नाहीत. अविनाश झाला, कारण बारावीनंतर तो सैन्यात गेला.

१३ सप्टेंबर १९९४ चा त्याचा जन्म. ५ महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचिनला राहिला, मग राजस्थानच्या वाळवंटात, मग सिक्कीममध्ये. २०१५ मध्ये सैन्यांतर्गत क्रॉसकंट्री शर्यतीत तो पहिल्यांदा गंभीरपणे पळू लागला. म्हणजे विशी उलटून गेली होती. मधे एकदा दुखापतीने वजन बरंच वाढलं, ते उतरवून तो पुन्हा उभा राहिला. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी २०१७ मध्ये त्याला स्टीपलचेस पळायला लावलं आणि तिथून गाडी रुळावर आली. वेळेवर जेवण, पगाराची निश्चिती, दवाखाना, ट्रॅक, सोबत पळणारी माणसं आणि घड्याळ हातात घेऊन उभा असलेला गुरू, हे सगळं त्याला सैन्याने दिलं. कष्टाची सवय घाटाने दिली असेल, पण ती सवय या मुलुखात कुणाला नसते?

स्टीपलचेस म्हणजे ३,००० मीटरची अडथळ्यांची शर्यत. पुरुषांसाठी अडथळा ९१.४ सेंटीमीटर उंच, लाकडी, जड. ११० मीटरच्या शर्यतीतल्या हर्डलसारखा तो पाय लागल्यावर पडत नाही, माणूस पडतो. असे २८ अडथळे, आणि शिवाय सात वेळा पाण्याची उडी: अडथळ्यापलीकडे साधारण बारा फूट लांबीचा पाण्याचा हौद, अडथळ्याजवळ खोल आणि पुढे उथळ होत गेलेला. बहुतेकजण अडथळ्यावर पाय देऊन झेप घेतात आणि हौदाच्या उथळ टोकाला पाय भिजवून बाहेर पडतात. १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये केनियाच्या अमॉस बिवॉटने हौद पुरता ओलांडून, पाय कोरडे ठेवून उड्या मारल्या. तंत्र जाणणारे हसले, आणि तो सुवर्ण घेऊन गेला. तेव्हापासून २०१६ पर्यंत केनियाने ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये भाग घेतला त्या प्रत्येकात या शर्यतीचं सुवर्ण केनियाकडेच गेलं. १९७६ आणि १९८० ला त्यांचा बहिष्कार होता म्हणून इतरांना मिळालं. ही परंपरा तोडली मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीने, टोकियोत.

भारतात या शर्यतीचा विक्रम गोपाळ सैनी यांच्या नावावर होता, १९८१ चा, ८ मिनिटे ३०.८८ सेकंद. ३७ वर्षं तो कुणी हलवला नाही. २०१८ मध्ये भुवनेश्वरला अविनाशने ८:२९.८० ची वेळ दिली. एक सेकंद. त्यानंतर तो स्वतःचाच विक्रम मोडत गेला. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूच्या पडण्यात तो अडकला, तरी ८:२५.२३ मध्ये आला; भारताने दाद मागितली, त्याला अंतिम फेरीत घेतलं गेलं आणि तिथे ८:२१.३७ पळून त्याने ऑलिंपिकची पात्रता मिळवली. टोकियोत ८:१८.१२ चा नवा विक्रम केला, पण अंतिम फेरी हुकली. आणि मग बर्मिंगहॅम. १९९८ पासून सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाने नेलेली. अविनाश शेवटच्या वळणावर अब्राहम किबिवॉटच्या मागे लागला आणि रेषेवर अंतर उरलं पाच शतांश सेकंदाचं: ८:११.१५ आणि ८:११.२०. ती शर्यत मी आजही अधूनमधून लावून बघतो. दर वेळी वाटतं, अजून दहा मीटर असते तर.

पाटोदा तालुक्यात सौताड्याचा धबधबा आहे, पण उजेड कमी होता म्हणून तिकडे वळलो नाही. मांजरसुंब्याला चहा घेतला. इथून जवळ कपिलधार, मन्मथस्वामींची समाधी. कार्तिकात दिंड्या येतात, भगवे झेंडे घेऊन माणसं रात्रंदिवस चालतात. मांजरसुंब्यानंतर घाट लागतो आणि गाडी वळणं घेत खाली उतरते. सगळा बालाघाटाचा डोंगर मागे राहतो, समोर बीडचं खोलगट मैदान उघडतं, आणि डावं-उजवं करत असताना एकदम पाणी चमकतं. ते पालीचं धरण.

बीड ज्यात होतं ते हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये संपलं. त्यानंतरच्या दशकात, मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला त्या काळात, बिंदुसरेवर हे धरण बांधलं गेलं. मोठं नाही. पण बीड शहराने वर्षानुवर्षं याच पाण्यावर तहान भागवली. ते भरून सांडव्यावरून पाणी पडू लागलं की बीडकर लेकराबाळांसह बघायला येतात, भजी-कणसांचे गाडे लागतात. ज्या वर्षी भरत नाही त्या वर्षी तळाच्या भेगाळलेल्या गाळाचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. आणि हीच नदी १९८९ च्या जुलैत बीडच्या वस्त्यांत घुसली आणि माणसं घेऊन गेली.

पालीहून बीडच्या दिशेने थोडं पुढे गेलं की खजाना विहीर. हिजरी ९९०, म्हणजे १५८२ मध्ये, मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने ती बांधवली; आखणी राजा भास्कर नावाच्या माणसाची. नगरजवळच्या डोंगरावर लोक ज्या इमारतीला चांदबिबीचा महाल म्हणतात, ती सलाबतखानाचीच कबर. म्हणजे सकाळी ज्याच्या कबरीचं शहर सोडलं, त्याच्याच विहिरीवर संध्याकाळी पोहोचलो. विहीर मोठी, गोल, दगडी. खाली पाण्याच्या पातळीला तीन भुयारी वाटा उघडतात. दोन वाटांनी पाणी आत येतं, तिसरीने बाहेर जातं आणि उताराने बलगुजारच्या शेतांपर्यंत पोहोचतं. ना मोट, ना पंप. दुष्काळातही हिचं पाणी आटत नाही असं इथले जुने लोक सांगतात. राजा भास्करने काय केलं? जमिनीचा उतार मोजला, नदीच्या पात्राखालून झिरपणारं पाणी हेरलं, आणि त्याला जायला वाट करून दिली. पाणी आधीपासून होतंच.

घाटावरच्या पोरांचंही असंच आहे, असं मला त्या कठड्यावर उभं असताना वाटलं. अविनाशला जी वाट सापडली ती एकाच दाराची होती, सैन्यभरतीची, आणि तीही उशिरा. बाराव्या-तेराव्या वर्षी त्याला तालुक्याच्या गावी ट्रॅक आणि जाणता शिक्षक मिळाला असता, तर टोकियोत तो कुठे असता? २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ८:१९.५० चा स्पर्धाविक्रम करत त्याने सुवर्ण जिंकलं. पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये भारताचं ते पहिलंच. ५,००० मीटरचं रौप्यही आणलं. २०२४ च्या जुलैत पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१, आणि महिन्याने तिथेच ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावा. या फेरीत पळणारा तो पहिला भारतीय पुरुष. ही सगळी कमाई वयाच्या विशीनंतर हातात आलेल्या वेळात झालेली आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पालीला गेलो. धरणाकडच्या रस्त्यावर अंधारातच पोरं पळत होती. दहा-बारा असतील. काहींच्या पायात बूट, दोघे अनवाणी. पोलीस भरतीला १,६०० मीटर, सैन्यभरतीलाही तेवढंच. बीड जिल्ह्यातल्या प्रत्येक रस्त्यावर पहाटे हे पळणं चालू असतं. रस्त्याच्या कडेला चुन्याने आखलेली एक रेघ होती, तिथून पुढच्या पुलापर्यंत जाऊन परत, असे फेरे. एकाच्या हातात मोबाइलवर घड्याळ लावलेलं.

‘‘किती लागतात?’’ मी विचारलं.

‘‘पाच वीस, काका. पाच धाच्या आत आलं पायजे. पुरे मार्क पडतेत मग.’’

अविनाश साबळेचं नाव काढलं तर सगळे जवळ आले. बर्मिंगहॅमची शर्यत प्रत्येकाने पाहिलेली. २०२५ च्या मे महिन्यात गुमीला त्याने आशियाई अजिंक्यपद जिंकलं हे माहीत होतं, आणि जुलैत मोनॅकोला पाण्याच्या उडीवर पडून गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाली, हेही. तो परत पळणार की नाही यावर त्यांच्यात दोन मतं नव्हती.

घड्याळवाल्या पोराने मला विचारलं, ‘‘तेच्या हिशोबानं सोळाशेला किती पडतेत?’’

मी मोबाइलवर गणित केलं. ३,००० मीटरला ४८९.९१ सेकंद, तर १,६०० ला साधारण २६१.

‘‘चार एकवीस.’’

‘‘मधी आडवं काय नसताना?’’

‘‘नाही, अडथळे आणि पाणी धरून. आणि त्यानंतर आणखी चौदाशे मीटर.’’

तो थोडा वेळ स्वतःशी हिशोब करत राहिला. मग रेघेकडे वळून ओरडला, ‘‘ए, उभं ऱ्हा रे सगळे, अजून एक मारू,’’ आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं.